कुदळ न लावता

१

ड्रिलचं मुंडकं जमिनीखालून जात असतं तेव्हा मी त्याच्या डोक्यावरून चालत असते. माझं काम एवढंच, आणि ते मला छान जमतं.

रस्त्याच्या अलीकडे मशीन उभं करतात. ते लोखंडी दांडे एकाला एक जोडत तिरपे जमिनीत सारतं. पहिल्या दांड्याच्या टोकाला मुंडकं, मुंडक्याच्या पोटात बोटाएवढा ट्रान्समीटर. तो खालून सांगत राहतो, मी इथं आहे, इतका खोल आहे. माझ्या हातात लोकेटर असतो, काठीला डबा लावल्यासारखा दिसतो. खालचा सिग्नल मिळाला की तो वाजतो. त्यावरचं वाचायचं आणि मशीनवर बसलेल्या वोफा ड्वोमोंना ओरडून सांगायचं, डावीकडे घ्या, खाली घ्या. वोफा म्हणजे मामा. ते माझे कुणी लागत नाहीत, पण आमच्या टोळीत त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नाही.

मुंडकं पलीकडे बाहेर आलं की त्याला पाइप बांधून उलटा ओढून घ्यायचा. पुढं त्या पाइपातून हवेच्या जोरावर इंटरनेटची केबल फुंकतात. रस्ता फुटत नाही, टपऱ्या उठवाव्या लागत नाहीत, कुणाच्या दारात चर पडत नाही. लोकांना पत्ताही लागत नाही की आपल्या खालून काही गेलं. मला या कामाचा अभिमान होता आणि अजूनही आहे.

त्या खेपेला आम्हाला एजिसूच्या मागच्या आळीतून दवाखान्यापर्यंत जायचं होतं. वाटेत एनो क्वार्तेमाचं घर होतं. एनो म्हणजे आई, म्हाताऱ्या बाईला आम्ही तसंच म्हणतो. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या. घराखालून जायचं तर आधी घरच्यांना विचारायचं, हा आमचा नेम. मी गेले तेव्हा म्हातारी अंगणात बसून भुईमूग निवडत होती.

"खणणार?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही एनो. कुदळ लागणारच नाही. सुईदोरा घालावा तसं खालून जायचं."

"सुई टोचते, बाई."

"तुमच्या घराला कळणारसुद्धा नाही."

तिनं मागच्या खोलीकडे हनुवटी केली. दाराला निळा पडदा होता. "आत माझी कोनाडू आहे. शनिवारी बाळंत झाली, मुलगी आहे. याआधीची दोघं आली आणि नाव ठेवायच्या आतच माघारी गेली. ही येत्या शनिवारपर्यंत टिकली तर आपली. तिचा बाप ओबुआसीच्या खाणीवर आहे, शनिवारी येऊन नाव ठेवेल. तोवर तिला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही आणि दचकवायचंही नाही. कळलं?"

"पोर झोपेतून जागी व्हायची नाही," मी म्हटलं. "माझा शब्द आहे."

"तुझं नाव काय म्हणालीस?"

"फ्रेंपोमा."

"बघू तुझा शब्द, फ्रेंपोमा," ती म्हणाली, आणि टरफलं झटकून आत गेली.

२

आमच्याकडे गुरुवारी कुणी जमिनीला कुदळ लावत नाही. शहरात शिकलेला, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूससुद्धा गुरुवारी शेतात जात नाही. जमिनीचा तो विसाव्याचा दिवस. यात समजावण्यासारखं काही नाही, लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक असतं.

पण साहेबांना काम आठवड्याच्या आत हवं होतं. मशीन ज्या खड्ड्यातून आत शिरतं तो बुधवारी खणून झाला होता. पलीकडे दवाखान्याशी मुंडकं बाहेर काढायचा खड्डा शुक्रवारी खणायचा होता. मधला गुरुवार फुकट चालला होता.

"गुरुवारी कुदळ नको, कबूल," मी म्हटलं. "पण मधल्या भागात आपण कुदळ लावतोच कुठं? मशीन खालच्या खाली सरकणार. वरची माती जागची हलणार नाही."

वोफा ड्वोमो केंके, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, खात होते. त्यांनी बोटं चाटली आणि माझ्याकडे पाहिलं. "वकील व्हायचीस तू. उगाच काठी घेऊन उन्हात फिरतेस."

"चूक असेल तर सांगा."

"चूक नाही म्हणून तर भीती वाटते," ते म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

तरीही आम्ही काळजी घेतली. फावडी, कुदळी, पहारी सगळं बुधवारी संध्याकाळीच ट्रकमध्ये टाकून कुलूप लावलं. गुरुवारी कुणाचा हातदेखील चुकून जायला नको. आपण नियम अगदी काटेकोर पाळतोय असं आम्हाला वाटत होतं.

३

गुरुवारी सकाळी काम लोण्यासारखं चाललं. मुंडकं रस्त्याखालून गेलं, नाल्याखालून गेलं आणि एनोच्या भिंतीखालून अंगणात शिरलं. दीड पुरुष खोल. मी त्याच्या वरून पाऊल पाऊल चालत होते. अंगणात कोंबड्या होत्या, दोरीवर बाळाचे कपडे वाळत होते. पडद्याआडून पंख्याची घरघर ऐकू येत होती. म्हातारी ओसरीवर बसून माझ्या पायांकडे बघत होती.

अंगणाच्या मध्यावर मशीनच्या टाकीतलं पाणी संपलं. वोफांनी मशीन बंद केलं आणि पोरांना पाण्याला पाठवलं. मी लोकेटर जमिनीवर टेकवून घाम पुसला.

सहज डब्याकडे नजर गेली. मुंडकं हातभर पुढं सरकलं होतं.

"वोफा!" मी भिंतीवरून ओरडले. "मशीनला हात लावू नका, मी अजून खूण केली नाही."

"हात कसला लावतो? हातात केळं आहे माझ्या."

मी पुन्हा पाहिलं. आणखी हातभर. मागच्या खोलीकडे.

मी भिंतीला वळसा घालून मशीनपाशी गेले. मशीन खरंच बंद होतं. दांडे जागच्या जागी होते, शेवटच्या दांड्यावर मी सकाळी ओढलेली खडूची रेघ जिथल्या तिथं होती. वोफा खरंच भाजलेलं केळं खात होते.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "पत्र्याचं छप्पर आहे. सिग्नल नाचवत असेल."

४

मला भुताखेतांची हौस नाही. सिग्नल चुकायला कारणं असतात आणि ती शोधून काढणं हाच माझा धंदा. विजेची तार, सळ्या, एखाद्याचा मोबाइल. मी एनोकडून घराचा मेन स्विच बंद करवून घेतला. पंख्याची घरघर थांबली. पोरांचे मोबाइल रस्त्यापार नेऊन ठेवायला लावले. ट्रकच्या केबिनमधून दुसरा लोकेटर आणला. दोन्ही डबे एकच सांगत होते. मुंडकं निळ्या पडद्याच्या उंबऱ्यापाशी पोचलं होतं आणि दीड पुरुषावरून पुरुषभरावर आलं होतं.

"ओढून काढा मागे," मी वोफांना म्हटलं.

"सगळं? सकाळची मेहनत पाण्यात जाईल."

"जाऊ द्या."

वोफांनी वाद घातला नाही. दांडे एकेक करून बाहेर आले, राखाडी चिखलानं माखलेले. शेवटी मुंडकं आलं. वोफांनी ते खड्ड्यातून उचललं, झाकण फिरवून उघडलं, ट्रान्समीटर काढला आणि त्यातली बॅटरी माझ्या डोळ्यांदेखत तळहातावर ठेवली.

माझ्या डब्यात आवाज येतच होता. मी अंगणात धावले. उंबऱ्याच्या आत, छातीइतकं खोल.

वोफा माझ्या मागून आले होते. बॅटरी अजून मुठीत होती. "मुंडकं इथं आहे," ते हळू म्हणाले. "मग खाली कोण बोलतंय?"

"कुणी नाही. जुनं काहीतरी पुरलेलं असेल, आधीच्या कुठल्या कंपनीचं."

"ते चालतं?"

मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर रागाखाली भीती होती. मी या घराला शब्द दिला होता. पोर झोपेतून जागी होणार नाही असं म्हटलं होतं. तेवढं एकच मला धरून ठेवायचं होतं, बाकीचं नंतर बघता आलं असतं.

मी पडदा बाजूला केला.

५

खोली लहान होती. एका कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक, वर घडी घातलेली कापडं, खिडकीत पाण्याचं मडकं. पंखा बंद असल्यानं उकडत होतं. कोनाडू चटईवर कुशीवर झोपली होती, माझ्याहून लहानच असेल. तिच्या पोटाशी, पांढऱ्या कापडात, ती होती.

"लाइट का घालवली?" कोनाडूनं विचारलं. मग तिला माझ्या हातातली काठी दिसली. "तुम्ही केबलवाल्या का? आई सांगत होती. होईल ना लवकर?"

"होत आलंय," मी म्हटलं. लोकेटर कमरेइतकं खोल दाखवत होता, बरोबर चटईच्या खाली.

सिमेंटच्या जमिनीला एक जुनी चीर होती. बाळाच्या डोक्याशी ती ओली दिसत होती. बघता बघता तिच्यातून राखाडी चिखल वर आला, तळहाताएवढा. असं कधी कधी होतं. ड्रिलचा चिखल दाबानं वाट काढून वर येतो, नवीन काही नाही. फक्त आता दाब नव्हता. मशीन बंद होतं, दांडे बाहेर पडले होते.

"हे काय?" कोनाडू कोपरावर उठली.

"चिखल आहे. पुसते मी."

पण मी पुसला नाही. चिखलाचा फुगा हळूहळू वर येत होता, खाली बसत होता. मी बाळाच्या पोटाकडे पाहिलं, मग चिखलाकडे. पोट वर, चिखल वर. पोट खाली, चिखल खाली. तान्ही पोरं झोपेत मधेच श्वास रोखतात. तिनं रोखला. चिखल थांबला. तिनं पुन्हा घेतला, चिखल पुन्हा हलला.

कोनाडूनंही ते पाहिलं होतं. तिनं माझं मनगट धरलं. बाहेर कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि माझ्या डब्याचा.

मग एकदा चिखल आधी थांबला.

मी वाट बघितली. त्याच्या मागोमाग बाळाचं पोट थांबलं. ओठांचा रंग बदलायला लागला. मी मनात श्वास मोजायला लागले आणि मोजायला काही नव्हतं.

मी तिला उचललं. कोनाडूला विचारलं नाही, हात धुतले नाहीत, उचललंच. तिला एक उचकी लागली आणि ती जोरात रडली. चटईखाली काहीतरी सैल पडल्यासारखा आवाज झाला आणि जिथं ती झोपली होती तिथं सिमेंट अलगद खाली बसलं, कुणी उठून गेल्यावर गादी दिसते तसं.

६

एनो उंबऱ्यात आडवी उभी होती. "बाहेर नाही! शनिवारपर्यंत बाहेर नाही! तू शब्द दिला होतास!"

"आत ठेवली तर शनिवार दिसायचा नाही तिला. बघा, आत जाऊन बघा जमिनीकडे."

म्हातारीनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. काय दिसलं ते तिनं कधी सांगितलं नाही, पण ती बाजूला झाली.

"खणून काढूया," पाण्याला गेलेल्या पोरांतला एक म्हणाला. "काय आहे ते वर काढू."

"गुरुवार आहे," वोफा म्हणाले. सगळे ट्रकच्या कुलपाकडे बघत राहिले. आपल्या हातानं लावलेलं कुलूप. कुणी पुढं झालं नाही. मीही झाले नसते. त्याला वर काढायचं कुणाला होतं?

मी एका हातात पोर, एका हातात लोकेटर घेऊन आळीत आले. कोनाडू भिंतीला धरून मागे, तिच्यामागे एनो. ऊन डोक्यावर होतं. अंगणातून निघाले तेव्हा डबा गप्प झाला आणि माझ्या जिवात जीव आला. दहा पावलांवर पुन्हा वाजला. माझ्याच पायांखाली. मी उजवीकडे वळले, तो वळला. थांबले की वर येई, चालले की तेवढ्याच खोलीवर राही. गुडघाभर. थांबायची सोय नव्हती, पण कोनाडू चालू शकत नव्हती आणि पोर भुकेनं सुकत होती. असं किती चालणार?

केंके विकणाऱ्या बाईच्या टपरीशी कोनाडू खाली बसली. मला थांबावं लागलं.

वीतभर.

आळीतली तांबडी धूळ माझ्या पायांपुढं हलली. एक उंचवटा वर आला, हळूच खाली बसला, पुन्हा वर आला. बाळाएवढा लांब होता. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला निमुळता. कापडात गुंडाळलेलं तान्हं कापडाच्या आतून दिसतं तसा.

तेव्हा मला कळलं. कसं कळलं ते विचारू नका. ही अजून कुणाचीच नव्हती. जिला अजून कुणी हाक मारली नाही, तिच्यावर कुणीही हक्क सांगू शकत होतं.

"नाव!" मी कोनाडूवर ओरडले. "नाव ठेव तिचं, आत्ता!"

"बाप ठेवणार आहे. मला माहीत नाही. त्यानं सांगितलं नाही. मी कशी..." ती रडायला लागली.

"एनो!"

म्हातारीचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. मेलेल्यांची नावं तिच्या जिभेवर होती, तिच्या आईचं, मावशीचं. खाली ते तसं हलत असताना त्यांतलं एकही उच्चारायची तिची हिंमत झाली नाही. मला तिचं चुकलं असं वाटत नाही.

माझ्याकडे द्यायला माझंच एक होतं.

मी टपरीवरच्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं आणि आमच्याकडे नाव ठेवताना करतात तसं बाळाच्या जिभेला लावलं. "हे पाणी. याला पाणीच म्हण." टपरीवाल्या बाईनं काही न विचारता फळीखालून गावठी दारूची बाटली काढून पुढं केली. मी बोट ओलं केलं. "ही दारू. हिला दारूच म्हण. तुझं नाव फ्रेंपोमा. आलीस, आता राहा. फ्रेंपोमा! फ्रेंपोमा!"

पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि ती सणसणीत शिंकली.

डबा बंद पडला. उंचवटा बसला. धूळ साधी धूळ झाली. केंकेवाली मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागली. मी पोर कोनाडूच्या ओटीत दिली तेव्हा मी हसत होते. वोफाही हसत पुढं आले. "शाब्बास गं, शाब्बास..." ते म्हणाले. पुढं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. विसरले नव्हते. जणू हातात धरायला गेलेली वस्तू जागेवर नव्हती.

"शाब्बास, पोरी," त्यांनी वाक्य पुरं केलं.

मी लोकेटर उचलायला वाकले. तो वाजत होता. माझ्या पायांपुढं धूळ वर आली आणि खाली बसली.

आता तो उंचवटा माझ्याएवढा लांब होता.

७

मी चालायला लागले.

शुक्रवारी पलीकडचा खड्डा खणला. सोमवारी आम्ही मशीन हलवून दुसऱ्या वाटेनं, घराला वळसा घालून ड्रिल केलं. मीच पुढं चालले. केबल फुंकली, दवाखान्यात दिवे लुकलुकले, साहेब खूश झाले. मी काम सोडलेलं नाही. चालण्याचंच काम आहे, मला सोयीचं पडतं. पायांखालचा आवाज कोणता मुंडक्याचा आणि कोणता दुसरा, हे मला आता लगेच ओळखता येतं.

झोप मी चालत्या गाडीत घेते, मिळेल तेवढी. सुटीच्या दिवशी कुमासीहून तामालेला जाणारी बस पकडायची, खिडकीशी बसायचं, डोळे मिटायचे. चाकं फिरत असेपर्यंत ते वर येत नाही. बस थांबली की मी जागी होते आणि उतरून फेऱ्या मारते. कंडक्टर मला ओळखतात, पाय आखडतात म्हणून चालते असं त्यांना वाटतं. टोळीत मला लोकेटरबाई म्हणतात. बापानं शनिवारी येऊन पोरीला आपलं ठरवलेलं नाव ठेवलं. त्या नावानं हाक मारली तर ती ढुंकून बघत नाही.

मी घाबरत नाही असं नाही. घाबरते. पण हा सौदा मी स्वतः केलाय आणि मला तो मोडायचा नाही.

अधूनमधून एनोच्या घरी जाते. बसत नाही, अंगणात फिरत फिरत चहा पिते. पोर आता धावते. आईसारखी उंच होईल. परवा गेले तेव्हा ती कुठं दिसत नव्हती.

"फ्रेंपोमा!" कोनाडूनं हाक मारली.

कुणी ओ दिली नाही.

"फ्रेंपोमा! अगं कुठं गेलीस?" कोनाडूचा आवाज चढला. ती मागच्या खोलीत डोकावली, तशीच बाहेर आली. "फ्रेंपोमा!"

तीस वर्षं मी त्या हाकेला ओ दिली आहे. आई हाक मारायची, शाळेत बाई मारायच्या, वोफा मशीनवरून मारायचे. जीभ आपोआप टाळूला लागली. घशात आवाज तयार झाला. कोनाडू माझ्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत एकच विनवणी होती, तुम्ही ओ देऊन नाव परत घेऊ नका. मी दात आवळले, कप ओट्यावर ठेवला आणि अंगणाला फेरी मारत राहिले. हातातला डबा वाजत होता.

"फ्रेंपोमा!"

पाण्याच्या पिंपामागून खिदळण्याचा आवाज आला. "ओ! मी इथं लपलेय!"

कोनाडू मटकन खाली बसली. मी चपला नीट केल्या आणि बसच्या वेळेत अड्ड्यावर पोचायला निघाले.